टाकी फुल, काटा निम्म्यावर: जुन्या जीपच्या डिझेल मीटरचा दोष कसा शोधावा

प्रश्न थोडक्यात असा. मखमलाबादच्या एका द्राक्ष बागायतदाराकडे वडिलांच्या काळापासूनची महिंद्राची डिझेल जीप आहे. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, साधारण ४० लिटरची. गेल्या पावसाळ्याआधी गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं आणि तेव्हापासून डिझेलच्या काट्याचा भरवसा राहिला नाही. टाकी गळ्यापर्यंत भरली तरी काटा निम्म्याच्या वर जात नाही. रात्री लाइट लावले की आणखी खाली उतरतो. टाकी रिकामी होत आली की मात्र जवळपास बरोबर दाखवतो. तापमानाचा काटा ठीक आहे. आधी मीटर बदलला, मग टाकीतला फ्लोट (डिझेलवर तरंगून पातळी सांगणारा भाग) बदलला, तरी काही फरक नाही. आता ते विचारतात, "सगळं वायरिंग नवीन करू, की दुसऱ्या कंपनीचा मीटर घेऊ?"

दादा, सध्या काहीच विकत घेऊ नका. तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत ती तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवतात: टाकीचं अर्थिंग, म्हणजे टाकीच्या पत्र्यातून करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट. मीटर आणि फ्लोट बदलणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी झालं. पण मी म्हणतो म्हणून मानू नका. नाशिकमध्ये ऑटो इलेक्ट्रिकचं काम करताना माझी हीच पद्धत राहिली आहे की, पार्ट बदलायच्या आधी दोष मोजून दाखवता आला पाहिजे. तुमच्या गाडीत तो साध्या मल्टिमीटरनं मोजता येईल. कसा, ते सांगतो.

आधी हा मीटर चालतो कसा ते पाहू, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप सुटत जातं. चावी ऑन केली की करंट मीटरमध्ये येतो, मीटरमधून एका वायरनं टाकीवरच्या युनिटकडे जातो (फ्लोट या युनिटलाच जोडलेला असतो), युनिटच्या आतल्या रेझिस्टन्सच्या, म्हणजे करंटला अडथळा करणाऱ्या, पट्टीतून टाकीच्या पत्र्यात, पत्र्यातून चासीत आणि चासीतून बॅटरीच्या निगेटिव्हला. असा हा एक फेरा. डिझेल वरखाली झालं की फ्लोटची दांडी त्या पट्टीवर सरकते आणि रेझिस्टन्स कमीजास्त होतो. बागेतल्या ठिबकचा व्हॉल्व्ह जसा थोडा उघडला की थोडं पाणी, पूर्ण उघडला की पूर्ण, तसंच इथे करंटचं आहे. जुन्या जीपमधले मीटर बहुतेक बायमेटल पट्टीचे, म्हणजे दोन धातू एकत्र जोडलेल्या पट्टीचे असतात. आत एका पट्टीभोवती बारीक तार गुंडाळलेली असते, करंट जितका जास्त तितकी पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. म्हणून चावी ऑन केल्यावर हा काटा झटकन उडी मारत नाही, सावकाश चढतो. हा सावकाशपणा त्याचा गुण आहे, रस्त्यातल्या खड्ड्यांनी डिझेल डचमळलं तरी काटा नाचत नाही.

थोडक्यात, मीटरला लिटर कळत नाहीत. फेऱ्यात एकूण किती अडथळा आहे एवढंच त्याला कळतं. तो अडथळा फ्लोटचा आहे की गंजलेल्या बोल्टचा, हे ओळखायची सोय त्याच्यात नाही.

आता तुमच्या लक्षणांकडे या. विलीज घराण्याच्या, म्हणजे मूळ अमेरिकन जीपवरून आलेल्या, जीपच्या युनिटचे रूढ आकडे असे: टाकी रिकामी असताना ७३ ओहम (ओहम हे रेझिस्टन्सचं माप), निम्मी असताना २३, फुल असताना १०. रिकाम्यापासून निम्म्यापर्यंत ५० ओहमचा फरक, पण निम्म्यापासून फुलपर्यंत फक्त १३ ओहमचा. म्हणजे अर्थिंगच्या वाटेत कुठे रंग, गंज किंवा ढिला स्क्रू येऊन जेमतेम १३ ओहमचा जादा अडथळा तयार झाला, तर टाकी फुल असताना फेऱ्यात १० अधिक १३, म्हणजे २३ ओहम होतात. मीटर इमानदारीनं निम्मी टाकी दाखवतो. तोच १३ ओहमचा अडथळा टाकी रिकामी असताना ७३ चे ८६ करतो. त्या टोकाला एवढ्या फरकानं काटा जरासाच हलतो, आणि तो आधीच तळाला असतो, त्यामुळे डोळ्यांना काही जाणवत नाही. "वरती खोटं, खालती खरं" हे तुमचं लक्षण नेमकं असं तयार होतं. फ्लोट बुडालेला असता तर काटा कायम तळाला राहिला असता. मीटर बिघडला असता तर वरखाली सगळीकडेच चुकला असता. फेऱ्यात भर पडलेला अडथळाच फक्त वरच्या टोकाला एवढा त्रास देतो.

लाइट लावल्यावर काटा उतरतो, ही दुसरी खूण. लाइटचं बटण ओढलं की मागचे लाल दिवेही लागतात. पेंटिंगच्या वेळी मागचं वायरिंग सोडून पुन्हा जोडताना, त्या दिव्यांची अर्थिंगची वायर जवळच्या एखाद्या सोयीच्या बोल्टला अडकवली जाते, आणि पुष्कळदा तो टाकीच्या पट्ट्याचा किंवा त्याच पत्र्यावरचा बोल्ट असतो. ५ वॉटचे दोन दिवे मिळून पाऊण अँपियरच्या आसपास करंट घेतात. सामाईक वाटेत एक ओहमचा जरी अडथळा असला तरी तिथे पाऊण व्होल्ट अडकतो आणि तेवढा दाब मीटरच्या वाट्याचा कमी होतो. काटा उतरतो. ब्रेक दाबल्यावर तो आणखी उतरतो का, तेही एकदा बघा, कारण ब्रेकचा दिवा २१ वॉटचा असतो. उतरत असेल तर माझा अंदाज आणखी पक्का होतो. फक्त ब्रेक चांगला अर्धा मिनिट दाबून धरायला सांगा, कारण हा काटा सावकाश हलतो.

तिसरी खूण तर तुम्हीच दिलीत: पेंटिंगनंतर सुरू झालं. पेंटर टाकी काढतो, गंज घासतो, प्राइमर मारतो, दोन हात रंग देतो आणि रंगलेल्या चासीवर बसवतो. खाली रबराचे किंवा नमद्याचे तुकडे, वर रंगवलेला पट्टा, रंगवलेले बोल्ट. काम सुबक होतं, पण टाकी विजेच्या दृष्टीनं गाडीपासून तुटते. पूर्वी जुन्या बोल्टच्या आट्यांमधून जो धातूला धातूचा स्पर्श होता तो गेला. यात पेंटरला बोल लावता येत नाही, त्याचं काम रंग देण्याचं. अर्थिंग परत करून घेणं आपल्याला आठवायला हवं.

आता प्रत्यक्ष तपासणी. गाडी उघड्यावर, सपाट जागी लावा. टाकी फुल असेल तर उत्तम, कारण दोष तिथेच मोठा दिसतो. सीट काढा. टाकीवर गोल चकती दिसेल, बाजूनं स्क्रू आणि मध्ये एक वायर जोडलेला नटबोल्ट. काही युनिटना दोन टोकं असतात, दुसरं रिझर्व्हच्या दिव्याचं किंवा वेगळ्या अर्थिंगचं, त्यांची गल्लत करू नका. चावी बंद ठेवून मधली वायर सोडवा आणि तिच्या टोकाला चिकटपट्टी लावून बाजूला करा.

मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. दोन्ही पिना एकमेकींना टेकवून आधी त्यांचाच रेझिस्टन्स बघा, साधारण अर्ध्या ओहमच्या आत असतो, तो पुढच्या आकड्यांतून वजा करायचा. आता पहिलं माप: एक पिन मधल्या टोकाला, दुसरी त्याच चकतीच्या कडेवर, थोडा रंग खरवडून उघड्या धातूवर. हा झाला एकट्या फ्लोट युनिटचा रेझिस्टन्स. दुसरं माप: पहिली पिन तिथेच, दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर. वायर लांब लागेल, जोडून घ्या. हा झाला युनिट अधिक अर्थिंग. दोन्ही आकडे सारखे आले तर अर्थिंग चांगलं आणि माझा अंदाज चुकीचा. पहिला १० आणि दुसरा २० च्या पुढे आला तर चोर सापडला. मधला फरक हाच तुमच्या अर्थिंगचा दोष, ओहममध्ये मोजलेला. मल्टिमीटरचा करंट अगदी थोडा असल्यामुळे रंगाच्या सांध्यावर हा आकडा कधी स्थिर राहत नाही, सरकत राहतो. आकडा नाचणं हीसुद्धा खराब सांध्याचीच निशाणी समजा.

खात्रीसाठी आणखी एक चाचणी करा, आणि माझ्या मते हीच सगळ्यात बोलकी आहे. मधली वायर परत जोडा. चावी बंद असतानाच एका जाड वायरचं एक टोक युनिटच्या चकतीवर खरवडलेल्या जागी पक्कं लावा, दुसरं टोक इंजिन ब्लॉकच्या एखाद्या स्वच्छ बोल्टला. हा क्रम पाळा, म्हणजे टाकीच्या तोंडाजवळ ठिणगी पडायचा प्रश्नच येत नाही. मग चावी ऑन करा आणि मिनिटभर थांबा. काटा निम्म्यावरून चढत चढत फुलवर गेला, लाइट लावूनही तिथेच राहिला, तर आणखी शोधायचं काही उरलं नाही.

दुरुस्तीही तेवढीच सोपी आहे, पण ती टिकाऊ करा. तात्पुरता स्क्रू आवळून पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच त्रास नको. दीड चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर घ्या. दोन्ही टोकांना गोल थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी), दाबून बसवलेले, नुसतं पिळून गुंडाळलेलं नको. एक टोक युनिटच्या चकतीच्या एका स्क्रूखाली, दुसरं चासीवर, जिथे पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत केला आहे अशा जागी, दातेरी वॉशर आणि नटबोल्ट लावून. पत्र्यात स्वतः आटे पाडत जाणारे बारीक स्क्रू अर्थिंगला वापरू नका, थरथरीनं ते ढिले पडतात. आवळून झाल्यावर सांध्यावर व्हॅसलिनचा हात फिरवा. व्हॅसलिन आवळल्यानंतर लावायचं, आधी नाही. मागच्या दिव्यांची अर्थिंगची वायर टाकीच्या बोल्टवरून काढून चासीवर वेगळ्या जागी न्या. आणि सीट काढलीच आहे तर बॅटरीपासून चासीला आणि चासीपासून इंजिनला जाणाऱ्या जाड पट्ट्याही तपासा. पेंटिंग झालेल्या गाडीत त्यांच्याखालीही रंग असतो, आणि मग स्टार्टर जड फिरतो, दिवे मंद जळतात. नंतर हेडलाइट लावून मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन टाकीच्या चकतीवर. ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर येत असेल तर वाटेत अजून कुठेतरी खराब सांधा आहे.

तुमची गाडी बागेत जाते, म्हणून इथे जरा थांबून सांगतो. द्राक्षाच्या गाड्यांचं वायरिंग शहरातल्या गाड्यांपेक्षा लवकर खराब होतं. जीपमध्ये मागे गंधकाच्या पिशव्या, मोरचूद, बोर्डो मिश्रणाचे ड्रम वाहिले जातात. मोरचुदाचं पाणी लोखंडी पत्र्यावर सांडलं की तिथे तांबूस थर येतो आणि खाली लोखंड खाल्लं जातं. गंधकानं तांब्याची टोकं काळी पडतात. जिथे हे सांडतं ती मागची फळी आणि मागच्या दिव्यांची अर्थिंगची जागा शेजारीशेजारी असतात. त्यात फवारणीचा जास्त दाबाचा एचटीपी पंप हाताशी असतो म्हणून जीपही त्याच दाबाच्या पाण्यानं धुतली जाते, आणि पाणी थेट थिंबलमध्ये शिरतं. फवारणीचा सीझन संपला की साध्या पाण्यानं मागचा भाग धुऊन, वाळवून, थिंबलवर व्हॅसलिन लावायची सवय ठेवा. दोन सीझनच्या मध्ये गाडी शेडमध्ये उभी राहत असेल तर सीटखाली उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही बघा. कुरतडलेली वायर पत्र्याला टेकली तर या जातीचा मीटर टाकी रिकामी असतानाही फुल दाखवतो, आणि ते खोटं जास्त महागात पडतं.

आता समजा दोन्ही मापं सारखीच आली आणि अर्थिंग निर्दोष निघालं. मग टाकीवरचं मधलं टोक ही फेरा दोन भागांत तोडायची जागा. तिथून मागे फ्लोट, तिथून पुढे वायर आणि मीटर. एम. जी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांतून १०, २२ आणि ६८ ओहमचे ५ वॉटचे तीन रेझिस्टर आणा, किरकोळ पैशांत मिळतात. फ्लोटची वायर सोडवून तिच्या आणि चासीच्या मध्ये चावी बंद ठेवून एकेक रेझिस्टर जोडा, मग चावी ऑन. १० ओहमला काटा फुलवर, २२ ला निम्म्यावर, ६८ ला तळाजवळ आला तर मीटर आणि वायर दोन्ही बरोबर, दोष फ्लोटमध्ये. आला नाही तर हाच प्रयोग डॅशबोर्डमागे थेट मीटरच्या टोकावर करा. तिथे बरोबर आणि टाकीजवळ चूक, म्हणजे मधली वायर खराब. दोन्हीकडे चूक म्हणजे मीटर किंवा त्याचा स्टॅबिलायझर. फ्लोटची वायर थेट पत्र्याला टेकवून "काटा हलतो का" बघायची जुनी रीत सगळीकडे चालते, पण बायमेटल मीटरला ती जास्त वेळ केली तर आतली तार तापून जळू शकते. शिवाय त्यातून काटा हलतो एवढंच कळतं, बरोबर हलतो का ते कळत नाही. रेझिस्टरनं दोन्ही कळतं.

स्टॅबिलायझरबद्दल दोनच गोष्टी. बायमेटल मीटरला स्थिर दाब लागतो, म्हणून जीपच्या घराण्यात ५ व्होल्टचा आणि ब्रिटिश स्मिथ्स कंपनीच्या घराण्यातल्या मीटरांत १० व्होल्टचा स्टॅबिलायझर असतो. कधी वेगळी डबी, कधी मीटरच्याच पोटात. तो तापमानाच्या काट्यालाही तोच दाब देतो. म्हणून दोन्ही काटे एकदम वर चढले किंवा एक्सलेटर दाबल्यावर दोन्ही वर सरकू लागले, तर स्टॅबिलायझर किंवा त्याचं स्वतःचं अर्थिंग. तुमचा तापमानाचा काटा ठीक आहे, तेव्हा तुम्ही हा परिच्छेद सोडून द्या.

फ्लोट काढायची वेळ आली तर थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. गाडी उघड्यावर, बंद शेडमध्ये नाही, खड्ड्यावर तर मुळीच नाही. इंधनाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचून राहते. डिझेल आहे म्हणून बिनधास्त राहू नका. नाशिकचा एप्रिल-मे ४० अंशांपर्यंत जातो, उन्हात पत्र्याची टाकी त्याहून तापते, आणि डिझेलला पेट घेण्याजोगी वाफ सुटायला त्याहून फार जास्त उष्णता लागत नाही. पेट्रोलची टाकी तर थंडीतही धोकादायक, आणि रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त, कारण आत सगळी वाफच असते. वायरचा हँडलॅम्प, बिडी, ग्राइंडर, सगळं लांब.

चकतीभोवतीची माती ब्रशनं आधी साफ करा, नाहीतर ती टाकीत पडते आणि फिल्टर चोंदतो. चकती कोणत्या दिशेनं बसली होती त्याची खूण करून ठेवा. युनिट बाहेर आलं की दांडी हळूहळू वरखाली करत रेझिस्टन्स बघा. आकडा सरळ चढला-उतरला पाहिजे. मध्येच ओपन झाला, म्हणजे जोड तुटल्यासारखा आकडाच गेला, तर पट्टी झिजली. बहुतेक जण टाकी पाव ते निम्मी ठेवून गाडी चालवतात, त्यामुळे पट्टी तिथेच जास्त घासली जाते, आणि काटा ठरावीक जागी आला की अचानक पडतो. हलकासा काळेपणा असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं जातो, पॉलिश पेपर लावू नका, पट्टीवरची तार फार नाजूक असते. फ्लोट पितळी असेल तर कानाजवळ हलवा. आत डिझेल खळखळलं तर सांध्याला भोक आहे. नाही खळखळलं तरी गरम पाण्यात बुडवून धरा, बुडबुडे सुटले तर गळका. त्याला तसाच सोल्डरचा डाग मारायला जाऊ नका, आतल्या वाफेनं तो फुटू शकतो. नवा फ्लोट स्वस्त असतो.

तुमच्याकडे नवीन युनिट बसलेलं आहे, तेव्हा त्याचीही एक शंका घेऊन ठेवा. बाजारातली युनिटं दिसायला सारखी आणि आकड्यांनी वेगळी असतात. अमेरिकन रूढीचं एक कुटुंब रिकाम्याला २४० आणि फुलला ३३ ओहमचं, युरोपियन व्हीडीओ (VDO) कंपनीचं रिकाम्याला १० आणि फुलला १८० चं, म्हणजे दिशाच उलटी. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत शून्य ते ९० ओहम. तुमच्या युनिटचे दोन टोकांचे आकडे आणि मीटरला लागणारे आकडे एकाच कुटुंबातले असले तरच जोडी जमते. दुकानात "जीपचा फ्लोट द्या" म्हणण्याऐवजी मल्टिमीटर बरोबर न्या आणि काउंटरवरच दांडी दोन्ही टोकांना नेऊन मोजा. दुकानदार हरकत घेत नाहीत. भोकं जुळली म्हणून दिशा बरोबर असेलच असंही नाही. दांडी टाकीच्या भिंतीला किंवा आतल्या आडव्या पत्र्याला अडली तर काटा एका जागी अडकून राहतो. बसवण्याआधी दांडी तळाला आणि वरच्या पत्र्याला टेकत नाही ना, याचा अंदाज टाकीत पट्टी घालून घ्या. पॅकिंग नवीन वापरा आणि त्यावर गॅस्केट शेलॅकचा जाड थर देऊ नका. थर जाड झाला की चकती टाकीपासून विजेच्या दृष्टीनं तुटते, आणि आपण परत अर्थिंगच्याच दोषावर येऊन पोचतो.

ज्यांच्याकडे जुन्या पेट्रोल गाड्या आहेत, पद्मिनी, अँबेसेडर किंवा पेट्रोल जीप, त्यांच्यासाठी एक गोष्ट. फार जुन्या युनिटमध्ये कॉर्कचा फ्लोट असतो आणि त्यावर लाखेचा थर दिलेला असतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आताच्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, म्हणजे अल्कोहोलच, असतं. थर गेला की कॉर्क पेट्रोल पितो, जड होतो, बुडतो. अशा गाडीत काटा महिनोन्महिने हळूहळू कमी दाखवू लागला तर कॉर्कवर लाख पुन्हा लावून उपयोग नाही. पितळी किंवा इथेनॉलला टिकणारा फ्लोट घ्या.

काटा चुकतो तर चुकू दे, अंदाजानं भरतो, असं बरेच जण म्हणतात. पेट्रोल गाडीत एक वेळ चालेल. डिझेल जीपमध्ये टाकी कोरडी पडली की नुसतं डिझेल ओतून गाडी सुरू होत नाही. लाइनमध्ये हवा शिरते. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत बसावं लागतं, बुडबुडे संपून अखंड डिझेल येईपर्यंत, आणि कधी इंजेक्टरचे नटही ढिले करून स्टार्टर मारावा लागतो. इंजिनचा इंजेक्शन पंप रोटरी असेल तर त्याच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच मिळतं, कोरडा फिरला की तो झिजतो, आणि त्या दुरुस्तीच्या खर्चात असे कितीतरी मीटर येतात. शिवाय तळाचा गाळ आणि पाणी फिल्टरमध्ये ओढलं जातं. हे सगळं कसाऱ्याच्या घाटात, पावसात, मागे ट्रकांची रांग असताना करावं लागलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून मी या काट्याला सजावट मानत नाही.

अर्थिंग ठीक झाल्यावर एक काम आवर्जून करा: काटा आणि डिझेल यांची जुळणी. टाकी जवळपास रिकामी असताना सपाट जागी गाडी उभी करा. सीटखालच्या टाकीला तोंडातून सरळ लाकडी पट्टी घालता येते, ही या जीपची मोठी सोय. मोजून ५ लिटर डिझेल ओता, चावी ऑन करून दोन मिनिटं थांबा, काटा कुठे आला ते लिहा, पट्टी बुडवून ओल कुठवर आली तिथे चाकूनं खाच मारा. पुन्हा ५ लिटर, पुन्हा खूण. असं फुल होईपर्यंत. टाकीचा आकार सरळ चौकोनी नसतो, त्यामुळे काटा निम्म्यावर असताना आत नेमके २० लिटर नसतील, थोडं इकडेतिकडे असेल. तेवढं चालतं, तुम्हाला तुमच्या गाडीचा हिशेब कळला की झालं. तळाला १० लिटर असताना काटा जिथे उभा राहतो ती खूण सगळ्यात कामाची. मीटरच्या काचेवर तिथे ऑइलपेंटचा बारीक ठिपका द्या, आणि घाटात उतरायच्या आधी काटा ठिपक्याखाली असेल तर पंप गाठा.

जुना मीटर आणि जुना फ्लोट तुम्ही फेकला नसेल अशी आशा आहे. नवीन वायर टाकून झाली की आधी जुनी जोडीच परत लावून तीन रेझिस्टरनं तपासा. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ती दोघं एकमेकांच्या आकड्यांची होती, आणि दोष अर्थिंगचाच निघाला तर बहुधा अजूनही चांगली असतील. ती बरोबर दाखवत असतील तर तीच ठेवा आणि नवीन आणलेली दुकानात परत घेतात का ते विचारा. जुनी जोडी हाताशी नसेल, तर नव्या युनिटचे दोन टोकांचे आकडे आणि त्याच टोकांना काटा कुठे जातो ते एका कागदावर लिहून मग तो कागद घेऊन मीटर शोधायला निघा.